बदामबाईची दुसरी घडी

बदामबाईला राग आवरत नाही, हे एके काळी तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. पुढं तिला राग येतच नाही, हेही त्याच बाजाराला ठाऊक झालं.

मारवाडातून लग्न होऊन ती आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. सासरचं किराणा दुकान रस्त्यावर, घर दुकानाच्या मागं, आणि घराच्या मागच्या दारातून दिसणारी तापी. इतकं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती मागच्या दारात उभी राहून मोठ्यानं हसली, आणि सासू रूपकंवर आतून म्हणाली, "ही सून आणली की दिवाळीचा फटाका?"

फटाकाच होती. भाजी खारट झाली म्हणून सासूनं टोकलं तर ताट आपटायची. नवरा गौतमचंद दुकानातून उशिरा जेवायला आला तर तोंड फुगवून भिंतीकडे बसायची, आणि त्यानं गुळाचा खडा हातावर ठेवला की तितक्याच झटक्यात हसायची. रडायला लागली तर समोरच्या गल्लीतल्या जसोदाबाईला ऐकू जायचं. ही जसोदाबाई शेतकऱ्याची बायको, बदामबाईहून दोन-चार वर्षांनी मोठी, रोज सकाळी दुधाचा रतीब घालायला मागच्या दारानं यायची. ती उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, "वं माय, इतली रडशी ते तापीले पूर येई जाई. उनाळामा पूर!" मग दोघी हसायच्या. सासू कपाळावर हात मारून घ्यायची.

पहिला मुलगा झाला, तो तीन वर्षांचा होऊन प्लेगच्या साथीत गेला. त्यानंतरचं बदामबाईचं रडणं हे रडणं राहिलं नाही, ते घरातलं एक माणूसच होऊन बसलं. पोळपाटावर पीठ घेतलं की पिठात पाणी पडायचं. मुलाचं झबलं उशाखाली, उशी ओली. तिला पुन्हा दिवस गेले होते, तरी अन्नाकडे बघायची नाही. गौतमचंद तिच्यापाशी बसायचा, पण काय बोलावं ते त्याला कळायचं नाही. तो नुसता तिच्या पायाची नखं बघत बसायचा.

त्या वर्षी शहाद्याला चातुर्मास करून निघालेल्या महासतीजी चार दिवस प्रकाशात थांबल्या. पांढऱ्या वस्त्रातली, तोंडाला मुहपत्ती बांधलेली, तिशीतली ती जैन साध्वी. रूपकंवरनं सुनेला जवळजवळ ओढतच त्यांच्यापुढं नेलं. "हिला काहीतरी शिकवा. नाहीतर पोटातलंही जाईल."

महासतीजींनी उपदेश केला नाही. इतकंच म्हणाल्या, "बाई, रोज एकदा सामायिक करा. घडीभर बसायचं. त्या घडीत तुम्ही कुणाची आई नाही, कुणाची सून नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण त्याच्यामागं जाऊ नका. बसा फक्त."

सामायिक म्हणजे समतेत बसण्याचं व्रत. लोकरीचं आसन, तोंडाला मुहपत्ती, हातात माळ आणि समोर वाळूची घडी: लाकडी चौकटीत काचेचे दोन फुगे, वरच्यातली वाळू बारीक धारेनं खालच्यात पडते. ती सगळी पडेपर्यंत आसन सोडायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, विस्तवाला, कच्च्या म्हणजे न उकळलेल्या पाण्याला शिवायचं नाही. रूपकंवरची स्वतःची घडी होती. तिनं ती सुनेपुढं ठेवली.

पहिले काही दिवस बदामबाई घडीभर रडतच बसली. मग एक दिवस काय झालं, ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. हिवाळ्याची सकाळ होती. दुकानात कुणीतरी तीळ मोजून घेत होतं, मागं जसोदाबाईची म्हैस हंबरत होती, आणि एकाएकी आत सगळं थांबलं. थंडीत तापी संथ होते आणि काठाजवळ तळातले गोटे दिसायला लागतात ना, तसं. मुलगा गेला होता, ते तिथंच तळाशी दिसत होतं, पण पाणी हलत नव्हतं. त्यात दुःखही नव्हतं आणि सुखही नव्हतं. जे होतं त्याला तिच्याजवळ एकच शब्द होता: आनंद. वाळू कधी संपली ते कळलंही नाही.

उठली तेव्हा तिला भूक लागली होती. तिनं बाजरीची भाकरी तुपाबरोबर खाल्ली, आणि रूपकंवर दाराआड जाऊन रडली.

ती जी एक सकाळ मिळाली, ती बदामबाईला पुन्हा मिळाली नाही. सगळा जन्म ती त्या सकाळच्या मागं राहिली. तिला वाटलं, आपण अजून कच्च्या आहोत, म्हणून मिळत नाही. राग सोडला तर मिळेल. तिनं राग सोडला. हसणं म्हणजेही मनाची चळवळच, म्हणून हसणं कमी केलं. मग एका पर्युषणात तिनं मनाशी नेम धरला, की या डोळ्यांतून आता पाणी काढायचं नाही.

नेम तिनं पाळला. मुलगी झाली, पानकंवर, घरातली पानू. तिच्या पाठीवर भंवरलाल झाला. सासू रूपकंवर गेली, त्या दिवशी बदामबाईनं तिच्या कानाशी शेवटपर्यंत नवकार म्हटला आणि मग शांतपणे उठून पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला लावलं. तिथून तिचं नाव झालं. शहाद्याच्या, तळोद्याच्या बायका आपल्या तापट सुनांना तिच्याकडे पाठवायच्या. "बदामबाईंच्या घरी आठ दिवस राहून ये, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल." कुणा एका आत्याबाईनं तर परीक्षा घ्यायला म्हणून वर्षाच्या लोणच्याची बरणी मुद्दाम हातातून सोडली. बदामबाईनं खाली पाहिलं, "पायाला काच लागली नाही ना?" इतकं विचारलं आणि राख आणून तेल टिपायला बसली. ही गोष्ट पुढं नवापूरपर्यंत सांगितली जायची.

जसोदाबाईला मात्र ते पटायचं नाही. ती उंबऱ्यावर दुधाचं भांडं रिकामं करता करता म्हणायची, "आते हसस नही, रडस नही. तुन्हा घरमा मानूस शे का देव्हारा, काहीच समजत नही वं माय."

"दूध पातळ आहे आज," बदामबाई म्हणायची.

"म्हैसले पन समता ऊनी व्हई," जसोदाबाई म्हणायची आणि एकटीच हसायची.

लोणच्याच्या बरणीची गोष्ट ऐकूनच नवापूरच्या हस्तीमल शेठनं आपल्या मुलासाठी पानूला मागणी घातली. "अशा आईची मुलगी घरात आली तर घर तरेल," असं तो म्हणाला. बदामबाईला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं हेही बरं नाही, असंही वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

पानू अंगानं आईसारखी होती आणि जिवानंही, म्हणजे आईच्या पहिल्या जिवासारखी. खळखळून हसायची, भंवरलालशी भांडून त्याच्या शेंडीला सुतळी बांधायची. तिची पाठवणी झाली तेव्हा आईच्या गळ्यात पडायला ती धावली, आणि आईनं दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून तिला हातभर अंतरावर उभं केलं. "मन आवर, पानू." पानूनं आवरलं. हुंदका गिळताना तिला उचकी लागली, आणि ती उचकी होडीत बसून तापी ओलांडेपर्यंत थांबली नाही, असं गाडीवान वाहरूनं परत आल्यावर सांगितलं.

नवापूरला घर मोठं, खाणारी तोंडं बारा, आणि जातं एक. पहिल्या बाळंतपणाला मुलीनं माहेरी जायचं, ही रीत. पण सासूचं दुखणं निघालं आणि पाठवणं लांबत लांबत गेलं. शेवटच्या दिवसापर्यंत पानू जात्यावर बसत होती. मूल जन्मलं ते निळं. त्यानं टाहो फोडलाच नाही. बदामबाईला ती बातमी आली, तेव्हा ती सामायिकाला बसली आणि उठल्यावर मुगाचे पापड लाटले.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पानू आखातीजेला म्हणून चार दिवस माहेरी आली आणि आल्या दिवसापासून परत जायचं नावच काढेना. सहावा महिना होता. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं पुढं. जसोदाबाईनं तिला पाहिलं आणि घरी जाऊन एक लोटाभर निराळं दूध आणलं, रतिबात न धरता.

दुपारी आई निवडायला बसली की पानू तिच्यासमोर बसायची आणि सुपातल्या डाळीत बोट फिरवायची.

"बाई, मला यंदा इथंच ठेवून घ्या."

"पहिलं माहेरचं असतं. दुसरं सासरचं. त्यांचा हक्क आहे."

"पहिलं कुठं माहेरी झालं? ते माझं राहिलेलंच आहे ना?"

बदामबाईनं सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "देहाला भोग असतात, पानू. आपण देहापासून वेगळं राहायला शिकलं की—"

"मला ज्ञान नको, बाई." पानूचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला भीती वाटते. रात्री पोटात हललं नाही की मी उठून बसते. तुम्ही फक्त बापूंना सांगा, की यंदा पाठवायची नाही. एवढं एक वाक्य. बापू म्हणाले, तुझी आई म्हणेल तर मी व्याह्यांना सांगेन."

गौतमचंद तसं म्हणाला होता खरं. व्याह्याला तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. पण बदामबाईचं वाक्य म्हणून सांगायचं असेल, तर हस्तीमलही मान खाली घालून ऐकेल, हे त्याला ठाऊक होतं. नवापूरला तिच्या शब्दाला केवढी किंमत होती!

"बघू," बदामबाई म्हणाली.

तिच्या मनात होतं सांगायचं. खरंच होतं. पण पानूकडे पाहिलं की घशात काहीतरी दाटून यायचं. जुनं, ओळखीचं, उशी भिजवणारं. तिला वाटायचं, आता तोंड उघडलं तर शब्दाच्या आधी तेच बाहेर येईल. एवढ्या वर्षांचा नेम. आणि त्याहून आत, जिथं ती स्वतःही फारशी बघत नसे तिथं, हेही होतं: लोक काय म्हणतील? बदामबाईचं समतेचं सोंग पोटच्या मुलीपाशी गळून पडलं, असंच ना?

हस्तीमल स्वतः न्यायला आला. रात्री मुक्काम झाला. सकाळी लवकर निघायचं होतं. नाव गाठायची, पलीकडे पुन्हा गाडी करून नंदुरबार, आणि तिथून नवापूरची रेल्वे. वाहरूनं बैल जुंपले. दुकानाच्या फळीवर हस्तीमल आणि गौतमचंद बसले होते. हस्तीमल म्हणत होता, "आमच्या घरात तुमच्या मंडळींचं उदाहरण देतो आम्ही. सुनेला म्हणतो, आईचं जरा घे." गौतमचंद हो हो म्हणत होता आणि आतल्या दाराकडे बघत होता.

आत बदामबाई सामायिकाला बसली होती. रोजची वेळ होती ती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पानू आवरून दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून ओढणी, हातात गाठोडं. आईकडे पाहिलं, घडीकडे पाहिलं. वरच्या काचेत थोडी वाळू होती. ती उंबऱ्याला टेकली आणि हळूच म्हणाली, "होऊ द्या, बाई. मी थांबते. घडी संपली की बापूंना सांगा."

मागच्या दारात जसोदाबाई दुधाचं भांडं घेऊन बसली होती. या घरात या वेळी बोलायचं नसतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. तरी तिनं तोंड उघडलंच. "बदामबाई, पोर दारमा उभी शे. उठ ना वं."

बदामबाईचे डोळे मिटलेले होते. माळ सरकत होती. बाहेरून हस्तीमलचा आवाज आला, "नाव निघून जाईल, शेठ." गौतमचंदचा आवाज आला, "होईलच एवढ्यात. घडीच संपायची आहे."

बदामबाईला सगळं ऐकू येत होतं. पानूचा श्वासही. गरोदर बाईचा असतो तसा, जरा तोंडानं घेतलेला. आणि मग एक हुंदका, अर्धाच. घशातलं ते वर आलं. जिभेच्या मुळाशी खारट लागलं. तिनं डोळे उघडले. वरची काच रिकामी झाली होती.

आता उठायचं. मुहपत्ती सोडायची, दाराशी जायचं, आणि पदराआडून म्हणायचं, की यंदा पाठवायची नाही. तीन शब्द.

तिनं हात पुढं केला आणि घडी उलटी केली.

दुसरं सामायिक लागलं. लागोपाठ दोन सामायिकं करायला कुणाची मनाई नाही. मोठ्या तिथीला ती स्वतःच करायची. पण त्या दिवशी तिथी नव्हती.

पानूनं ते पाहिलं. वाळूची नवी धार पडायला लागली, ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिथूनच, दुरूनच, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. व्रतात बसलेल्या माणसाला शिवू नये म्हणून. गाठोडं उचललं आणि बाहेर गेली. "चला," असं ती वाहरूला म्हणाली. बैलांच्या घुंगरांचा आवाज नदीकडे उतरत गेला, आणि मग नुसती वाळू.

त्या घडीत बदामबाईच्या मनात एकही लाट उठली नाही. हस्तीमलनं पुढं नवापूरला जाऊन सांगितलं, "लेक निघाली तरी त्या बाईनं आसन सोडलं नाही. याला म्हणतात समता." खरं तर ते पाणी संथ झालं नव्हतं. आटलं होतं. दोन्हींत तळ दिसतो. पण तो फरक बसल्या बसल्या तिला कळला, आणि तिनं तो कुणाला सांगितला नाही.

पानू आठव्या महिन्यात गेली. मूलही गेलं. तापीला पूर होता, नावा बंद होत्या. निरोप्या पलीकडच्या काठावर दोन दिवस अडकून पडला. तो आला तेव्हा नवापूरला सगळं आटोपून गेलं होतं. जायचंही काही उरलं नव्हतं.

बातमी गल्लीत फुटली तशी जसोदाबाई पदर सोडूनच धावत आली. दारापासूनच तिनं सूर लावला, त्यांच्या बायका लावतात तसा, मेलेल्याला नावानं हाक मारून: "मन्ही पानू वं… तुन्हं दूध कोनले देऊ वं माय…" गौतमचंदनं तिला दारातच हात जोडले. त्याचे स्वतःचे डोळे लाल होते.

"जसोदाबाई, आमनामा रडतस नही. नवकार म्हना."

"मले तुमना मंतर येत नही, शेठ. मले रडाले येस, तितलंच."

आत भिंतीला टेकून बदामबाई बसली होती. कोरडी. जसोदाबाईनं दारातून तिच्याकडे पाहिलं. "तू ते रड वं!" असं ती ओरडली. बदामबाईनं मान हलवली. नाही. तेव्हा जसोदाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती तशीच परत गेली. मग कितीतरी दिवस तिनं दूध घेऊन पोरीला पाठवलं. स्वतः आली नाही. पुढं यायला लागली, पण उंबऱ्यावर बसायची नाही. भांडं रिकामं करायची आणि निघायची.

दिवस जायचे थांबत नाहीत. भंवरलाल दुकानात बसायला लागला, त्याचं लग्न झालं, घरात नातवंडं आली. लढाईच्या दिवसांत साखर आणि रॉकेल मिळेनासं झालं. गौतमचंदच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बदामबाईची कीर्ती तेवढी वाढत गेली. ती कुणाला रागावली नाही, कुणापुढं रडली नाही, आणि रोज घडी लावून बसत राहिली. ती सकाळ काही परत आली नाही. डोळे मिटले की दारात तोंडानं घेतलेला श्वास ऐकू यायचा, आणि ती घडी संपायची वाट बघायची. एकेकाळी ज्या घडीभरासाठी जीव टांगणीला लागायचा, तीच आता सोसायची झाली होती. पण लोकांपुढं ती कशी सोडणार?

मग तिला अन्न जाईना. पोटात गाठ आहे, असं वैद्यानं सांगितलं आणि पुडी न देताच तो उठला. घरात कुजबूज सुरू झाली. भंवरलाल आईपाशी बसला, तिचा हात हातात घेतला. "बाई, शहाद्याहून, नंदुरबारहून माणसं विचारायला येताहेत. तुमच्यासारखा जीव… संथाऱ्याचा विचार आहे का?"

अन्नपाणी सोडून, कशाचाही लोभ न धरता, शांतपणे देह ठेवायचा, हे त्यांच्यातलं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं व्रत. प्रकाशात आजवर कुणी केलं नव्हतं. भंवरलालच्या आवाजात दुःख होतं आणि थोडा अभिमानही. तो अभिमान बदामबाईला ओळखता आला. तिच्याच घरचा होता तो.

"महासतीजींना बोलवा," ती म्हणाली.

त्याच महासतीजी. आता पाठीत वाकलेल्या, दोन शिष्यांच्या आधारानं शहाद्याहून चालत आलेल्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "दया पाळा, बाई," असा नेहमीचा आशीर्वाद देऊन त्या जवळ बसल्या. "या व्रताआधी मनातलं सगळं सांगून टाकायचं असतं. काही राहिलंय?"

बदामबाईनं सांगितलं. पहिल्यांदाच, कुणापाशी तरी. घडी संपली होती, आणि मी ती उलटली.

महासतीजींनी तोंडावरची मुहपत्ती नीट केली. मग म्हणाल्या, "लागोपाठ दुसरं सामायिक घ्यायला दोष नाही, बाई. शास्त्रात त्याला प्रायश्चित्त नाही."

"मला हवंय," बदामबाई म्हणाली. "काहीतरी द्या. उपवास द्या. किती का असेनात."

"जिथं दोषच लिहिलेला नाही, तिथं मी काय देऊ?" त्या म्हातारीच्या मुहपत्तीआडून शब्द अडखळत आले. "तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, रडू आलं तर येऊ द्या. आठवतं?"

"नाही," बदामबाई म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं. बसा, एवढंच आठवत होतं.

"म्हणजे मीच नीट सांगितलं नसेल. बसायचं शिकवलं. उठायचं कधी, ते राहून गेलं." महासतीजी उठायला लागल्या, आणि गुडघे धरून पुन्हा खाली बसल्या. "संथारा शांत मनानं घ्यायचा असतो. तुमचं मन शांत आहे का?"

"कोरडं आहे."

"मग थांबा."

बाहेर लोक वाट बघत होते. महासतीजींनी सांगितलं, की अजून वेळ आलेली नाही. लोकांच्या तोंडावर निराशा लपली नाही. भंवरलालनं मान खाली घातली. कुणीतरी म्हणालंही, "शेवटी संसारी बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी जसोदाबाई आली. म्हातारी झाली होती, दूध सून काढायची, पण रतीब घालायला तीच यायची. भांडं रिकामं करून ती निघाली, तोच आतून हाक आली.

"जसोदा, बस."

जसोदाबाई थबकली. इतक्या वर्षांनी तो उंबरा. ती बसली. बदामबाई भिंत धरत धरत मागच्या दारापर्यंत आली आणि तिच्याशेजारी टेकली. समोर तापी होती, उन्हाळ्यातली, बारीक झालेली.

"त्या दिवशी घडी संपली होती, जसोदा. तू उठ म्हणालीस तेव्हा थोडी होती. पण मग संपली. मी उलटली."

जसोदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. घडीचं गणित तिला कधी कळलं नव्हतं. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की व्रत होतं, बाई तरी काय करील? आता तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बदामबाईनं डोळे न मिटता पाहून घेतलं.

"उठता येत व्हतं तुले?"

"येत होतं."

जसोदाबाईनं तोंड फिरवलं. नदीपलीकडच्या वाळूत कुणी टरबुजाच्या वेलांना पाणी घालत होतं, तिकडं बघत बसली. उठून जाईल, असं बदामबाईला वाटलं. गेली असती तरी चाललं असतं. पण ती गेली नाही.

"तुला त्या दिवशी दारातून परत पाठवलं," बदामबाई म्हणाली. "पानूचं रडणं राहिलंय. मला येत नाही आता. तू सुरू कर."

"आते? दिवसना? दुकानमा गिऱ्हाईक शे."

"असू दे."

जसोदाबाईनं पदर पुढं ओढला. दोनदा खाकरली. मग तिनं तोच जुना सूर लावला, जिथं तोडला होता तिथूनच. "मन्ही पानू वं… तुन्हं दूध कोनले देऊ वं माय…" आवाज फाटला होता, पण सूर सुटला नाही. पानूनं भावाच्या शेंडीला सुतळी बांधण्यापासून तिच्या काड्या झालेल्या हातांपर्यंत सगळं त्यात आलं. बदामबाई ऐकत राहिली. तिचं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. पुष्कळ वर्षं न उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखं काहीतरी घशात करकरलं. मग पुन्हा. आणि मग जे निघालं त्याला सूर नव्हता, शब्द नव्हता, ते ऐकवतही नव्हतं. ती जसोदाबाईच्या खांद्यावर कलंडली. तिथल्या दुधाच्या आंबूस वासात तिनं तोंड खुपसलं.

दुकानातली माणसं धावत आली. भंवरलाल, त्याच्या मागं मोतीबिंदूनं चाचपडत गौतमचंद, चुलीवरची कढई तशीच टाकून सून. आईला रडताना त्या मुलानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो दाराला धरून उभा राहिला.

"काय झालं?" सुनेनं घाबरून विचारलं. "कोण गेलं?"

बदामबाईला बोलता येत नव्हतं. जसोदाबाईनं पदरानं स्वतःचं नाक पुसलं, मग त्याच पदरानं बदामबाईचं.

"पानू गई," ती म्हणाली. "आज गई."

आणि गौतमचंद, ज्याला आजवर काय बोलावं ते कधी कळलं नव्हतं, तो चाचपडत पुढं आला, त्या दोघींच्या मागं जमिनीवर बसला, आणि बायकोच्या पायाची नखं हातानं शोधायला लागला.